जुन्या ग्राहकालाच चढा दर का?

प्रश्न: छायाचित्रे साठवून ठेवणारी एक ऑनलाइन सेवा मी गेली आठ-नऊ वर्षे वापरते आहे. सुरुवातीला ती फुकट होती, मग मासिक शुल्क आले, आणि आता ते आणखी वीस टक्क्यांनी वाढणार असल्याचा ई-मेल आला आहे. त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने त्याच कंपनीचा तोच प्लॅन माझ्या निम्म्या दरात घेतला. ग्राहक-सेवेकडे विचारणा केली तर 'ही ऑफर फक्त नव्या सदस्यांसाठी आहे' एवढेच उत्तर मिळाले. ही फसवणूक नाही का? इतकी वर्षे टिकून राहिलेल्या ग्राहकाला कंपनी अशी शिक्षा का देते? सगळी छायाचित्रे तिथेच असल्याने सेवा सोडण्याचे धाडस होत नाही. वर्षाची रक्कम एकदम भरल्यास दोन महिने मोफत मिळतील असेही कंपनी म्हणते. ते घ्यावे का?

उत्तर: आपल्या प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आपल्याला आवडणार नाही, म्हणून ते आधीच देऊन टाकतो. दरवाढीची सूचना वेळेवर दिली असेल, नव्या सदस्यांच्या सवलतीची अट उघडपणे लिहिलेली असेल आणि सेवा बंद करण्याचा मार्ग खुला असेल, तर याला सहसा फसवणूक म्हणता येत नाही. एकाच वस्तूसाठी दोन ग्राहकांकडून दोन दर घेणे हे बहुतेक ठिकाणी, काही ठरावीक अपवाद वगळता, कायदेशीर असते. मात्र कायदेशीर असलेली प्रत्येक गोष्ट न्याय्य वाटतेच असे नाही, आणि आपल्याला जे खुपते आहे ते या दुसऱ्या प्रकारातले आहे.

या खुपण्याचा अभ्यासही झालेला आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी १९८६ मध्ये कॅनडातील लोकांना दूरध्वनीवरून विचारलेल्या प्रश्नांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतला एक प्रश्न असा होता : एक दुकानदार बर्फ उपसण्याचे फावडे १५ डॉलरला विकतो आणि मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची किंमत २० डॉलर करतो, हे तुम्हाला कसे वाटते? ८२ टक्के लोकांनी ते अन्यायाचे ठरवले. विक्रेत्याचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने किंमत वाढवली, तर मात्र बहुसंख्य लोक ते मान्य करतात, असेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे वाढ किती झाली यापेक्षा ती कशासाठी झाली हे माणूस आधी पाहतो. कंपन्यांना हे चांगले ठाऊक असते, आणि म्हणूनच दरवाढीच्या प्रत्येक ई-मेलमध्ये 'वाढता खर्च' आणि 'आणखी सुधारित सेवा' हे दोन शब्दप्रयोग हमखास असतात. आपल्याला आलेला ई-मेल पुन्हा उघडून पाहिलात तर ते तिथेही सापडतील अशी माझी अटकळ आहे.

आता खर्चाचा मुद्दा बाजूला ठेवू, कारण आपला दर खर्चावरून ठरलेला असण्याची शक्यता कमी आहे. तो कसा ठरतो हे पाहायला साधी आकडेमोड पुरते. समजा, आपल्यासारखे शंभर जुने सदस्य आहेत आणि प्रत्येकाकडून कंपनीला दरमहा एक भाग रक्कम मिळते, म्हणजे एकूण शंभर भाग. दर वीस टक्क्यांनी वाढवला की प्रत्येकाकडून १.२ भाग मिळू लागतात. शंभरपैकी दहा जण रागावून निघून गेले तर उरलेल्या नव्वद जणांकडून १०८ भाग येतात, म्हणजे माणसे घटूनही उत्पन्न वाढते. सोळा जण गेले तरी उत्पन्न १००.८ भाग असते. सतरावा माणूस बाहेर पडला की मगच ते मूळच्या शंभराच्या खाली, ९९.६ वर येते. त्यातही जे गेले त्यांची छायाचित्रे साठवण्याचा खर्च वाचतो तो वेगळाच. त्यामुळे दरवाढ ठरवणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न 'ग्राहकांना वाईट वाटेल का' हा नसून 'शंभरात सतरा जण सोडून जातील का' हा असतो. आठ-नऊ वर्षांची छायाचित्रे ज्यांनी तिथे ठेवली आहेत, त्यांच्याबाबत कंपनीचे उत्तर 'नाही' असे आले असणार.

भाच्याचे गणित याच्या नेमके उलटे आहे. त्याचे एकही छायाचित्र त्या कंपनीकडे नाही, तो तीन-चार सेवांचे दर शेजारी-शेजारी ठेवून पाहू शकतो आणि कोणतीही न घेता राहूही शकतो. त्याला पूर्ण दर सांगितला तर त्याच्याकडून काहीच मिळणार नाही अशी भीती असते, आणि एका जादा सदस्याला सामावून घेण्याचा खर्च फार नसल्याने निम्मा दरही कंपनीला परवडतो. शिवाय काही वर्षांनी तोही आपल्या जागी येऊन बसेल हा हिशेब त्यात धरलेला असतो. तेव्हा आपल्याला शिक्षा झाली आणि त्याला बक्षीस मिळाले असे म्हणण्यापेक्षा, एकाच मोजपट्टीने दोघांना मोजले गेले असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. ती मोजपट्टी म्हणजे हा ग्राहक किती सहज निघून जाऊ शकतो याचा अंदाज. आपण ज्याला एकनिष्ठा म्हणता ते कंपनीच्या तक्त्यात केवळ 'सोडून जाण्याची शक्यता कमी' असे नोंदलेले असते. हे वाचायला कठोर आहे, पण एकदा लक्षात आले की पुढचा मार्ग बराच मोकळा होतो.

ही रीत संगणकाच्या युगात जन्मली असे समजू नये. झ्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये रेल्वेच्या भाड्यांबद्दल लिहिताना एक तिरकस निरीक्षण नोंदवले होते. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे. छप्पर घालण्याचा खर्च कंपनीला जड होता म्हणून ते घातले नाही असे नाही, हे त्याने स्पष्ट केले. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्यांना परवडते त्यांनी तिसऱ्या वर्गाने जाऊ नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम त्रासाचा ठेवला जात होता. गरिबाला इजा करण्याचा हेतू नव्हता. श्रीमंताला घाबरवायचे होते आणि भिजत मात्र गरीब होता. आजच्या 'बेसिक' प्लॅनमध्ये एखादी अगदी किरकोळ सोय का काढून घेतलेली असते, असा प्रश्न पडला तर या छप्पर नसलेल्या डब्यांची आठवण ठेवावी.

अर्थात वेगवेगळे दर नेहमीच वाईट असतात असे मी म्हणणार नाही. विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर कमी दरात मिळते, गरीब देशांना काही औषधे श्रीमंत देशांपेक्षा स्वस्त मिळतात, आणि तिथे सर्वांना एकच दर लावायचा ठरला तर तो बहुधा वरचाच असेल व ज्यांना तो झेपत नाही ते वंचित राहतील. ग्राहकांची विभागणी कशाच्या आधारे केली जाते यावर सगळे अवलंबून असते. ऐपत पाहून केलेली विभागणी मला समर्थनीय वाटते. माहितीचा अभाव, आळस, वय किंवा बाहेर पडण्यातली अडचण हेरून केलेली विभागणी मात्र तशी वाटत नाही, कारण तीत जास्त दर देणारा माणूस अधिक सक्षम असतोच असे नाही. पुष्कळदा तो अधिक हतबल असतो.

याचे सर्वांत चांगले तपासलेले उदाहरण ब्रिटनमधील घराच्या आणि वाहनाच्या विम्याचे आहे. तिथल्या विमा कंपन्या पहिल्या वर्षी स्वस्त पॉलिसी देत आणि नूतनीकरणाच्या वेळी दरवर्षी हप्ता थोडाथोडा चढवत नेत. फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामक संस्थेने २०१९ मध्ये मांडलेल्या अंतरिम अहवालानुसार, साठ लाख पॉलिसीधारक वाजवीपेक्षा बरेच चढे हप्ते भरत होते, आणि त्यांनी आपल्या जोखमीनुसार सरासरी हप्ता भरला असता तर वर्षाला १.२ अब्ज पौंड वाचले असते. अखेर १ जानेवारी २०२२ पासून नियम लागू झाला की जुन्या ग्राहकाला नूतनीकरणासाठी सांगितलेला हप्ता त्याच पॉलिसीसाठी नव्या ग्राहकाला सांगितलेल्या हप्त्यापेक्षा जास्त असता कामा नये. हा नियम फक्त त्या दोन प्रकारच्या विम्यांपुरता आहे हे ध्यानात घ्या; आपल्या साठवण-सेवेला तो लागू नाही. आणि त्याला दुसरी बाजूही आहे. जुन्यांच्या जादा पैशातून नव्यांची सवलत निघत असेल तर जुन्यांचा दर उतरल्यावर नव्यांची सवलत आटणारच, आणि नियामकानेही ते गृहीत धरले होते. दरवर्षी नेटाने कंपनी बदलणाऱ्यांचा त्यात तोटा झाला असेल. तरीही तो नियम योग्य होता असे माझे मत आहे, कारण विमा दरवर्षी नव्याने शोधत बसणे हे प्रत्येकाला जमणारे काम नाही.

या सगळ्याला आपण ग्राहकही थोडे जबाबदार आहोत का? थोडे आहोत. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीने २०१२ मध्ये, ॲपलमधून आलेले रॉन जॉन्सन प्रमुख असताना, कूपने आणि सततचे सेल बंद करून आरंभापासूनच कमी व स्थिर किंमत लावण्याचे धोरण स्वीकारले. सेलच्या वेळी जी किंमत प्रत्यक्षात पडत असे, साधारण तीच आता रोज लावलेली होती. ग्राहक खूश होण्याऐवजी दुकानाकडे फिरकेनासे झाले. वर्षभरात विक्री १७ अब्ज डॉलरच्या आसपासवरून १३ अब्जांवर आली, आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावे लागले. खोडलेल्या मोठ्या आकड्याशेजारी लिहिलेला लहान आकडा पाहण्यात जे समाधान असते, त्याची किंमत आपणच कुठेतरी मोजत असतो. अर्थात आपल्या बाबतीत हा दोष लावता येणार नाही, कारण आपल्याला सवलत मिळालेलीच नाही.

आता आपण काय करावे ते सांगतो. पहिले काम कंपनीशी वाद घालण्याचे नाही. ते आहे सगळ्या छायाचित्रांची एक प्रत स्वतःजवळ, एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, उतरवून घेण्याचे. सेवा सोडायची असो वा नसो, हे करावेच. बहुतेक मोठ्या सेवांमध्ये अशी सोय सेटिंग्जमध्ये असते. युरोपीय संघात तर मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण कायद्याने आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळवण्याचा हक्कच दिला आहे. उतरवलेली प्रत तपासताना एक बारीक गोष्ट पाहा. काही सेवांमध्ये छायाचित्र एका फाइलीत आणि त्याची तारीख, ठिकाण व मथळा दुसऱ्या छोट्या फाइलीत येतो. त्या छोट्या फाइली निरुपयोगी समजून पुसल्या तर नव्या सेवेत सगळी छायाचित्रे आजच्याच तारखेखाली जमा होऊ शकतात. म्हणून निरनिराळ्या वर्षांतली मूठभर छायाचित्रे आधी नव्या जागी चढवून पाहावीत आणि तारखा बरोबर आल्या तरच पुढे जावे. हे काम कंटाळवाणे आहे, एका बैठकीत होणारे नाही. पण सेवा सोडण्याचे धाडस होत नाही असे आपण लिहिले आहे, ते धाडस नेमके या प्रतीमुळे येईल.

दुसरे, आपल्याला खरोखर किती जागा लागते ते बघा. साठवणीतली बरीच जागा चित्रफिती आणि एकाच क्षणाची सात-आठ छायाचित्रे खातात. ती छाटल्यावर खालचा प्लॅन पुरेसा होतो का ते तपासा. तीन प्लॅन शेजारी मांडलेले असतात तेव्हा मधला समंजस वाटावा अशीच पुष्कळदा त्यांची रचना केलेली असते, हे विसरू नका. भाच्याच्या प्लॅनमध्ये कुटुंबातील इतरांना सामील करून घेण्याची मुभा असेल तर तीही नीट वाचून पाहा. पुष्कळ सेवांत ती असते आणि कोणी ती आपणहून सांगत नाही. कुटुंब म्हणजे कोण, हे मात्र प्रत्येक कंपनीच्या अटींत वेगळे असते.

तिसरे, प्रत हाताशी आली की सेवा रद्द करण्याच्या पानावर जा. तिथे काय दिसेल याची पूर्वकल्पना देतो. रद्द करण्याचा दुवा बहुधा खाते, मग बिल, मग प्लॅनची माहिती अशा तिसऱ्या-चौथ्या थराखाली, बारीक करड्या अक्षरांत असेल. त्यानंतर आपण काय काय गमावणार याची यादी येईल, कदाचित आपलीच काही जुनी छायाचित्रेही समोर आणून ठेवली जातील. पुढच्या पानावर सोडण्याचे कारण विचारले जाईल. तिथे 'दर परवडत नाही' हे निवडा. यानंतर पुष्कळदा तो पडदा येतो ज्यासाठी ही यातायात करायची : काही महिने कमी दर, किंवा खालच्या प्लॅनवर जाण्याची सोय. ग्राहक-सेवेने ज्या सवलतीला नकार दिला ती इथे मिळण्याचा संभव अधिक असतो, कारण या पानापर्यंत पोहोचून आपण त्या निघून जाणाऱ्या सतरा जणांत मोडू लागलेल्या असता. सवलत आली नाही तर मागे फिरायचे की खरेच रद्द करायचे हा निर्णय आपला आहे; प्रत हाताशी असल्याने दोन्ही मार्ग खुले आहेत. मात्र रद्द केल्यावर कंपनी माहिती किती दिवस ठेवते, ते आधी वाचावे.

ही वाट इतकी वळणावळणाची का, याचे उत्तर आपल्या लक्षात आलेच असेल. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन वर्गणी घेणाऱ्या व्यवसायांना करार संपवण्याचे ठळक बटण संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर केलेल्या दाव्यात, ग्राहकांना त्यांच्या पुरेशा संमतीविना प्राइम सदस्यत्वात ओढणे आणि ते रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे असे आरोप होते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटले. आरोप कंपनीने मान्य केले नाहीत. एकट्या ग्राहकाने चिकाटी दाखवण्यापेक्षा असे नियम अधिक मोलाचे आहेत असे मला वाटते, पण आपल्याला निर्णय या महिन्यातच घ्यायचा आहे.

समाजमाध्यमांवर तक्रार मांडावी का, असा विचार आपल्या मनात आला असल्यास तिच्याकडून माफक अपेक्षा ठेवा. नेटफ्लिक्सने २०११ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आणि ऑनलाइन प्रक्षेपण यांचे प्लॅन वेगळे केले तेव्हा दोन्ही घेणाऱ्यांचा खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला. ओरड प्रचंड झाली, एका तिमाहीत आठ लाख सदस्य गळाले, प्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली आणि डीव्हीडीसाठी वेगळी कंपनी काढण्याचा बेतही मागे घेतला. वाढलेला दर मात्र कायम राहिला. दिलगिरी आणि दर हे कंपनीच्या हिशेबात दोन स्वतंत्र रकाने असतात.

राहता राहिला वर्षाच्या आगाऊ रकमेचा प्रश्न. इथे 'दोन महिने मोफत' या शब्दांवर क्षणभर थांबा. बारा महिन्यांच्या सेवेसाठी दहा महिन्यांचे पैसे द्यायचे आहेत, पण ते नव्या, वीस टक्के चढ्या दराने. जुना मासिक दर एक भाग धरला तर दहा गुणिले १.२, म्हणजे नेमके बारा भाग होतात. वर्षभरात जुन्या दराने आपण जेवढे भरत होता, अगदी तेवढेच. म्हणजे मोफत काहीच मिळत नाही. एक वर्षभर न सोडण्याचे वचन आगाऊ दिल्यास दरवाढ एक वर्ष पुढे ढकलली जाते, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो सौदा वाईटच आहे असे नाही. छायाचित्रे छाटून खालचा प्लॅन पुरत नसेल, रद्द करण्याच्या पानावर सवलत मिळाली नसेल, आणि आजच्या दराला हीच सेवा आपण नव्याने घेतली असती असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तो जरूर घ्यावा. घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून लेखी उत्तर मिळवा : मध्येच सेवा बंद केल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का, आणि वर्ष संपल्यावर आपोआप होणारे नूतनीकरण कोणत्या दराने होईल. मग आपोआप नूतनीकरणाचा पर्याय त्याच दिवशी बंद करून टाका, आणि मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवा. आठवण करून देणारा ई-मेल कंपनीकडून वेळेत येईल यावर विसंबून राहू नका. भाच्यालाही त्याच्या निम्म्या दराची मुदत कधी संपते ते आजच पाहून ठेवायला सांगा; ती तारीख त्याच्या पहिल्या पावतीच्या तळाशी असण्याची शक्यता आहे.